डाव्या कानापासून

१

बंद पडलेल्या पोहण्याच्या तलावावर, कपडे बदलायच्या खोलीत, रविवारी संध्याकाळी वरच्या वस्तीतला एक सतरा वर्षांचा मुलगा रक्ताच्या थारोळ्यात सापडला. दोन भावांत लहान, म्हणून त्याला सगळे धाकटा म्हणायचे. डाव्या कानामागे कात्री घुसली होती. अजून बोटभर आत गेली असती तर पुढचं काही सांगायला उरलंच नसतं.

त्याच वेळी खालच्या वस्तीतला घाऱ्या रक्ताळलेली कात्री हातात धरून रस्त्याने सुसाट धावताना पाच-सहा जणांनी पाहिला. घाऱ्याही सतराचाच. डोळे मांजरासारखे, म्हणून हे नाव. तासाभरात त्या पाच-सहा जणांचे पाचशे झाले आणि कात्रीची तलवार झाली. पकडल्यावर पोराने फौजदारांना दोनच शब्द सांगितले, मी मारलं, आणि कात्री कुठून घेतली तेवढं सांगून तोंडाला कुलूप घातलं.

वरच्या वस्तीतली पोरं काठ्या जमवायला लागली. खालच्या वस्तीतल्या पोरांनी घाऱ्याचं नाव भिंतीवर हातभर अक्षरांत रंगवलं. शनिवारपर्यंत त्याला कुणी चेंडू आणायलासुद्धा सोबत नेत नव्हतं.

सोमवारी सकाळी फौजदार ती कात्री कागदात गुंडाळून मावशीच्या दुकानात आले. मावशी दोन्ही वस्त्यांचे केस कापायची. वय साठ, उंची खुर्चीच्या पाठीएवढी, आणि जिभेला कात्रीपेक्षा जास्त धार. घाऱ्या म्हणतो की तुमच्या आरशासमोरच्या ताटलीतून उचलली, फौजदारांनी सांगितलं. तुमचीच आहे एवढं म्हणा, की कागद पूर्ण झाला. उद्या दहाला सुधारगृहाची गाडी येईल.

मावशीने चष्मा कपाळावरून नाकावर आणला. कात्री तिचीच होती, चार महिन्यांपूर्वी हरवलेली. मुठीला लाल धागा गुंडाळलेला.

"माझीच," ती म्हणाली. "पण साहेब, ही त्या पोराने उचललेली नाही. माझ्या दुकानात त्याला ती कधी दिसलीसुद्धा नसेल."

२

मावशीचं दुकान दोन वस्त्यांच्या बरोबर मधल्या रस्त्यावर होतं. दुकान एक आणि दारं दोन. वरच्यांनी वरच्या दाराने यायचं, खालच्यांनी खालच्या. मध्ये जाड पडदा, दोन खुर्च्या, दोन आरसे, दोन ताटल्या. वरच्यांच्या डोक्याला लागलेली कात्री खालच्यांना चालायची नाही, आणि खालच्यांचा कंगवा दिसला तरी वरच्यांच्या अंगावर काटा यायचा. म्हणून मावशीने वरच्यांच्या हत्यारांना लाल धागा बांधला होता, खालच्यांच्या हत्यारांना निळा. गिऱ्हाइकाला फक्त आपल्याच बाजूचा रंग दिसायचा, त्यामुळे धागा म्हणजे बाईची हौस असेल, असं दोन्हीकडे वाटायचं. पडद्याच्या दोन्ही बाजूंचा कोंडा मात्र अगदी सारखा असतो, असं ती फौजदारांना म्हणाली. त्यांना हसू आलं नाही. ते नवे बदलून आले तेव्हा चुकून वरच्या दाराने दाढीला आले होते, तर खालच्यांनी आठवडाभर चौकीवर तक्रार द्यायचं बंद केलं. तेव्हापासून साहेब घरीच दाढी करत. हनुवटीवर तीन चिकटपट्ट्या होत्या.

लाल धाग्याची कात्री, म्हणजे ती वरच्या ताटलीतली. घाऱ्याने जन्मात पडद्यापलीकडे पाऊल टाकलेलं नव्हतं. म्हणजे कात्री तलावावर नेली ती वरच्या वस्तीतल्याच कुणीतरी.

फौजदारांनी मान खाजवली. पोरगा स्वतःच्या तोंडाने कबूल करतोय, त्यापुढे धाग्याचं काय घेऊन बसलात, असं त्यांचं म्हणणं. तरी उद्या दहापर्यंत विचारायचं त्याला विचारा, मी आड येणार नाही, एवढं ते बोलून गेले.

मावशीने दोन्ही दारांना कड्या घातल्या. तिचा बाप वरचा, आई खालची. दोघं गेल्यावर तिला आपली म्हणायचं दोन्ही वस्त्यांनी टाळलं, डोकी मात्र तिच्याकडेच दिली. दिवसाला वीस डोक्यांवरून हात फिरवणारी ही बाई रोज संध्याकाळी ताट वाढून घ्यायची आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीला म्हणायची, घ्या, करा सुरुवात. त्यामुळे कुणी नसलेला माणूस तिला लांबून ओळखू यायचा. घाऱ्या खुर्चीत बसायचा तेव्हा बाकीच्या पोरांसारखा आरशात स्वतःचं तोंड बघायचा नाही. तो दुसरंच काहीतरी बघत बसायचा. काय, ते मात्र तिने कधी लक्षात घेतलं नव्हतं.

३

तलाव बंद पडण्याची गोष्टही ऐकण्यासारखी. आधी दोन्ही वस्त्यांनी वार वाटून घेतले. मग रोज पाणी बदला म्हणाले. शेवटी नगरपालिकेने पाणीच काढून टाकलं. आता त्या कोरड्या खड्ड्यात दोन्हीकडच्या झाडांची पानं गुण्यागोविंदाने पडलेली असायची.

मावशी पोचली तेव्हा तिथला राखणदार आधीच घामाघूम झाला होता. तो रोज पाचला फेरी मारायचा आणि कपडे बदलायच्या खोलीच्या पत्र्याच्या दारावर दांडका हाणायचा, कबुतरं उडवायला. रविवारीही हाणला. मग आतून किंकाळी आली, आणि दार उघडून घाऱ्या पळाला. मावशीने त्याला तेच तीनदा विचारलं. तिन्ही वेळा उत्तर एकच, आधी दांडका आणि मग किंकाळी. साहेबांनी उलटं लिहून घेतलं असेल, तो म्हणाला, पण साहेबांना चुकलात म्हणून कोण सांगणार? मग त्याच्या लक्षात आलं की संशय आता आपल्या दांडक्याकडे वळतोय, आणि तो दांडका पाठीमागे लपवून उभा राहिला.

तिथून ती धाकट्याच्या भावाकडे गेली. थोरल्याचं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं, पण त्या दिवशी तो सायकलीची साखळी एका काठीला गुंडाळत बसला होता. वरच्या पोरांच्या टोळीचा तो म्होरक्या. टोळीची खूण म्हणजे कानांवरून सफाचट आणि मधे तुरा. असे तीस कोंबडे मावशीनेच भादरले होते. घरचा कोंबडा, धाकटा, मात्र तिच्याकडे चार महिन्यांत फिरकला नव्हता.

थोरल्याने सांगितलं की धाकटा कॉलेजजवळ केस कापून घेतो. टोळीचा कट मारायला लाजतो. रविवारी सकाळी थोरल्याने त्याला त्यावरूनच कानाखाली वाजवली होती. आणि दर तिसऱ्या रविवारी पोरगा गायब. पोरीबिरीचं लफडं असेल म्हणून तोही रविवारी दुपारी त्याला शोधायला तलावाकडे गेला होता, मागच्या खिडकीतून कुणी शिरलंय का ते बघितलं होतं, पण तेव्हा आत कुणी नव्हतं.

"मागच्या खिडकीतून शिरता येतं हे तुला रे कसं माहीत?" मावशीने विचारलं.

"लहानपणी आम्ही सगळेच शिरायचो."

"सगळे म्हणजे कोण कोण?"

थोरला साखळी आवळत म्हणाला की उद्या घाऱ्याची गाडी गेली की आम्ही खाली उतरणार, तेव्हा मावशी, तुमची दोन्ही दारं लावून घ्या.

४

धाकटा घरी खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडला होता. फौजदारांना तो काही बोलला नव्हता, आईला नाही, भावाला नाही. आई मात्र कुणीतरी विचारावं याचीच वाट बघत होती. ती बोलली ती थांबेचना. शर्ट तीनदा धुतला तरी डाग जात नाहीत. आणि पोराला साधा शर्ट घालता येत नाही, घरी आणला तेव्हा कॉलर चारी बाजूंनी आत मुडपलेली, तीच आधी सरळ केली तिने, लोक काय म्हणतील म्हणून. रक्ताने न्हालेल्या पोराची कॉलर सरळ करत होते, बघा, असं म्हणून ती पदराने डोळे पुसायला लागली.

मारामारीला जाणारा बाह्या वर सारतो. कॉलर आत मुडपतो तो एकाच कामासाठी, आणि ते काम मावशीने चाळीस वर्षं केलं होतं.

पट्टी सैल झालीय, जरा नीट करते, असं सांगून ती खाटेवर टेकली. धाकट्याने अंग चोरलं, पण नाही म्हणाला नाही. तिने पट्टीची कड उचलली आणि डोक्यावरून बोटं फिरवली. उजवी बाजू वाढलेली, कानावर आलेली. डावी बाजू ताजी कापलेली. अर्धंच डोकं झालं होतं.

पण तिचा हात जागच्या जागी थांबला तो त्यामुळे नाही. कानामागे तीन बोटं टेकवून, केसांच्या तीन पायऱ्या पाडून, मानेशी हलकेच निमुळती केलेली ती कापणी अख्ख्या गावात एकच माणूस करायचं. तिच्या बापाने शिकवलेली, तिने कुणालाच न शिकवलेली. फक्त ती आयुष्यभर उजव्या कानापासून सुरुवात करत आली होती, आणि हे डावीकडून सुरू झालं होतं.

हे केस जणू तिनेच कापले होते. फक्त उलटे.

"कोण कापतं रे तुझे केस?" तिने हळूच विचारलं.

धाकट्याने डोळे घट्ट मिटून घेतले. मिटलेल्या पापण्यांतूनही पाणी आलं.

५

चौकीच्या मागच्या खोलीत घाऱ्या गुडघ्यांत डोकं घालून बसला होता. मावशी त्याच्यासाठी चहा घेऊन गेली. त्याला भेटायला आलेली ती पहिलीच. काका ट्रकवर होता आणि आई-बाप कधीचेच नव्हते. खालच्या पोरांनी बाहेरून घोषणा दिल्या होत्या, आत कुणी आलं नव्हतं.

त्याने पेला उजव्या हाताने घेतला. उजव्या हातानेच तोंडाला लावला. मावशी बघत राहिली. मग तिने सहज विचारलं, कात्रीचा धागा कुठल्या रंगाचा होता रे? लाल, तो म्हणाला. आणि घेतली कुठून? तुमच्या आरशासमोरच्या ताटलीतून.

त्याच्या आरशासमोर जन्मभर फक्त निळे धागे होते. पण हे त्याला कळायचं कारणच नव्हतं. अर्ध्या दुकानातच वाढलेलं पोर ते.

मावशीने कमरेच्या पिशवीतून लहान कात्री काढली आणि बाहीचा एक लोंबणारा दोरा पुढे केला. एवढा काप बघू, मला दिसत नाही नीट. घाऱ्याने पेला खाली ठेवला आणि कात्री घेतली, डाव्या हातात. करंगळी बाहेर काढून, अगदी मावशीसारखी.

"सगळं उजव्याने करतोस," मावशी म्हणाली, "आणि कात्री तेवढी डाव्या हातात. आरशात बघून शिकलास."

त्याने कात्री हळूच तिच्या मांडीवर ठेवली.

त्याने सांगितलं ते तुकड्या-तुकड्यांत. आरशातली मावशी डाव्या हाताने कापायची, डाव्या कानापासून सुरू करायची, म्हणून त्यालाही तसंच जमायचं. चार महिन्यांपूर्वी दगडफेकीत तो त्या खिडकीतून लपायला शिरला, तर आत आधीच कुणीतरी लपलेलं. तोही घाबरलेला. दोघांनी आधी एकमेकांवर हात उगारले, मग बाहेर दगड पडायला लागल्यावर एकाच बाकाखाली घुसले. धाकट्याला तुरा नको होता. घाऱ्याला कुणाचे तरी केस कापून बघायचे होते, पण त्याच्या हातात डोकं कोण देणार? पुढच्या वेळी धाकटा मावशीची कात्री खिशात घालून आला. मग दर तिसऱ्या रविवारी यायचा. केस अर्ध्या तासात व्हायचे. गप्पा दोन तास.

आणि या रविवारी गप्पांत पाच कधी वाजले ते कळलंच नाही, आणि राखणदार आला. दांडका पडला, दचकून धाकट्याने मान फिरवली, आणि कात्री आत गेली. घाऱ्या कुणाला तरी बोलवायला धावला होता. कात्री हातात आहे हे त्याच्या लक्षातच नव्हतं.

"मग हे का नाही सांगितलंस?"

"मारलं म्हणा मावशी," तो म्हणाला. "मित्र म्हणू नका. मारलं तर मला सुधारगृहात टाकतील. मित्र म्हणालात तर त्याचा भाऊ त्याला घरात जगू देणार नाही. मी जातो. मला काय, मला कुठेही सारखंच."

मावशीने रिकामा पेला उचलला. कोडं सुटलं होतं, आणि सुटलेलं कोडं कुणापुढे उलगडायची सोय नव्हती. खरं सांगावं तर एक पोर मरतं, गप्प बसावं तर दुसरं.

६

मंगळवारी साडेनऊला मावशीने आपल्या दुकानाची दोन्ही दारं सताड उघडली, पडदा काढून त्याची घडी घातली आणि रस्त्यात खुर्ची टाकून तिच्यावर उभी राहिली. तेव्हा कुठे ती सगळ्यांना दिसली. एका फूटपाथवर वरचे, दुसऱ्यावर खालचे. आई धाकट्याला धरून आली होती. सुधारगृहाच्या गाडीत घाऱ्या बसलेला, फौजदार दारापाशी.

मावशी थापा मारण्यात आधीच नावाजलेली होती. एका माणसाच्या दाढीत चिमणीचं घरटं सापडल्याचं ती शपथेवर सांगायची. पण त्या दिवशी तिने आयुष्यातली सगळ्यात मोठी थाप मारली, आणि तिच्यात नव्याण्णव टक्के खरं घातलं. तिने लाल धागा सांगितला, मुडपलेली कॉलर सांगितली, अर्धं कापलेलं डोकं दाखवलं, आधी दांडका आणि मग किंकाळी, हे राखणदाराकडून सगळ्यांपुढे वदवून घेतलं. धाकट्याला कुणी मारलं नाही, त्याचे केस कापणं चाललं होतं, हे शेंबड्या पोरालाही पटेल असं मांडलं.

"आणि कापत होते मी," ती म्हणाली. "माझा हात थरथरतो. सहा महिने झाले. दुकानात कळलं असतं तर तुम्ही आला असता का? म्हणून तलावावरच्या खोलीतल्या मोठ्या आरशासमोर सराव करायचे. हे एकच पोर गप्प बसणारं होतं. दांडका वाजला, हात सटकला आणि मी मागच्या खिडकीतून पळाले."

साठीची बाई खिडकीतून, असं कुणीतरी पुटपुटलं. चपळ आहे मी, मावशी म्हणाली. किंकाळी ऐकून त्याच खिडकीतून आत शिरला तो घाऱ्या. कात्री उचलली आणि मदतीला धावला.

"मग तो मी मारलं का म्हणाला?" थोरल्याने ओरडून विचारलं.

"जन्मात कुणी त्याच्याकडे वळून बघितलं नव्हतं. त्या दिवशी सगळे बघत होते. तू काय म्हणाला असतास?"

थोरला धाकट्याकडे वळला. खरं आहे का हे, त्याने विचारलं, आणि दोन्ही फूटपाथ पुढे झुकले. धाकट्याने मावशीकडे बघितलं. मग तिच्यापलीकडे, गाडीच्या जाळीकडे. तिथून दोन घारे डोळे त्याच्याकडे बघत होते. एक अख्खं वाक्य बोलायला त्याला आयुष्य लागल्यासारखं वाटलं.

"मावशींचाच हात सटकला," तो म्हणाला. "तो मला ओळखतही नाही."

जाळीमागचे डोळे खाली गेले.

फौजदार मावशीजवळ आले. रविवारी पाच वाजता तुम्ही चौकीसमोरच्या बाकावर एकट्या बसला होतात, मी स्वतः पाहिलंय, ते हळू आवाजात म्हणाले. तुमच्या चष्म्याचा नंबर तपासा, मावशी तेवढ्याच हळू म्हणाली. त्यांनी वहीत 'अपघात' असं लिहून वही मिटली. हात थरथरणाऱ्या म्हातारीवर काठ्या घेऊन कोण जाणार? साखळी गुंडाळलेली काठी थोरल्याने भिंतीला टेकवली आणि तो धाकट्याला घेऊन घरी गेला.

७

तीस वर्षांत पहिल्यांदाच दोन्ही वस्त्यांचं एका गोष्टीवर एकमत झालं. मावशीकडे केस कापायला जायचं नाही. वर एक नवीन दुकान निघालं, खाली एक निघालं. मावशी रोज दोन्ही दारं उघडायची, दोन्ही खुर्च्या पुसायची, आणि दिवस मावळला की लावून घ्यायची. पडदा तिने परत टांगला नव्हता. आता तो कुणासाठी टांगायचा?

विसाव्या दिवशी दुपारी खालच्या दारातून घाऱ्या आला. आत येऊन उभाच राहिला. मुठी वळलेल्या.

"भिंतीवरचं नाव पुसलं त्यांनी," तो म्हणाला. "दोन दिवस लोक माझं नाव घेत होते. काका सोमवारी रात्री ट्रक सोडून चौकीत आला होता, पहिल्यांदा माझ्याशेजारी जेवायला बसला. तुम्ही सांगितलंत, आणि मी परत कुणीच नाही."

मावशी बाजूला झाली आणि तिने खुर्चीवरून फडकं फिरवलं. त्याने मुठी सोडल्या. मग बसला. कॉलर स्वतःच आत मुडपली.

"तो?" त्याने आरशाकडे न बघता विचारलं.

"टाके निघाले. आत्याकडे पाठवलाय, लांब. तिकडेच शिकेल म्हणे. त्याची आई भेटली होती भाजी घेताना."

"केस?"

"वाढलेत खूप. कुणाला हात लावू देत नाही, असं म्हणत होती."

घाऱ्याने मान खाली घातली, ती कापण्यासाठी घालतात तशी. मावशीने कात्री घेतली. हात अगदी स्थिर होता, पण ती एकेक केस मोजल्यासारखी कापत होती, मधे कंगवा धुऊन आणत होती, झालेली बाजू पुन्हा बघत होती. अर्ध्या तासाचं काम तिने दोन तास पुरवलं. त्यानेही एकदाही विचारलं नाही की झालं का.